मोले शिजताना रागवायचं नाही

...आणि वर मलाच विचारतात, ‘रागावलात का?’ आता मला सांगा, एक माणूस पहाटेपासून स्वयंपाकघरात स्टुलावर बसलाय, पोतंभर सुक्या मिरच्यांचे देठ खुडतोय, पोटं फाडून बिया काढतोय, हातांची नुसती आग आग होतेय, नाक वाहतंय, आणि नाक पुसायला हात वर नेला रे नेला की सासू ओरडते, ‘डोळ्यांना लावाल!’ असा माणूस दिसणार कसा? हसरा दिसणार? गोजिरवाणा दिसणार? माझा चेहराच तसा आहे हो! जन्मापासून आहे! आईच्या मांडीवरचा माझा फोटो बघा, त्यातही कुणाशी तरी भांडून आल्यासारखाच दिसतोय. म्हणून काय मी रागावलो होतो? अजिबात नाही. तुम्हाला शपथेवर सांगतो, मी रागावलो नव्हतो.

पण आमच्या गावचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे. मोलेचा दाट रस्सा शिजत असला की घरात कुणी रागवायचं नाही. रागावलं की मोले बिघडलं! एवढ्या मिरच्या, तीळ, बदाम, चॉकलेट, सगळं मुकाट्यानं पाट्यावर वाटून घेतं ते, पण माणसाचा राग म्हणून सहन होत नाही त्याला! माझी सासू, डोन्या फिलोमेना, ती तर म्हणते मोलेला कान असतात. असतील बाबा. तिच्याशी वाद घालायचा म्हणजे पुन्हा रागावल्यासारखं दिसायचं, म्हणून मी म्हणतो, असतील.

आणि दिवस कसला होता? आमच्या हासिंताला मागणी घालायला यायचे होते! एकुलती एक पोर आमची. एफ्राइन मुलगा चांगला, माणसं चांगली, टर्की दोन दिवस अंगणात ओरडत होती तीही चांगली. मागणी घालायला आलेल्या माणसांच्या पानात टर्की आणि मोले पडलंच पाहिजे, दुसरं काही वाढलंत तर सरळ अर्थ, मुलगी द्यायची नाही! आणि मोले बिघडलं तर? तर बोलायलाच नको. कारण एफ्राइनची आई... डोन्या ग्रासिएला. बाई हसतमुख हो, अगदी साखर. पण ती एक गोष्ट विसरत नाही. तिच्या थोरल्या सुनेनं लग्नाच्या वर्षी एकदा मिरची करपवली. एकदा! आता त्या सुनेची पोरं शाळेत जायला लागली, तरी कुठल्याही बाप्तिस्म्याला, कुठल्याही वाढदिवसाला, ग्रासिएलाबाई चारचौघांत सांगणारच, ‘आमची थोरली मिरची भाजत नाही बाई, कोळसे पाडते!’ सगळे हसतात. ती सूनही हसते. आणि मग उठून आत जाते आणि धुतलेली ताटलीच पुन्हा धुवायला घेते. मी पाहिलंय ते. एका बाप्तिस्म्याला, या डोळ्यांनी.

तर आमच्या स्वयंपाकघरात कामं अशी वाटलेली. मी बिया काढायच्या. माझी बायको ओब्दुलिया, तिनं वाटण बघायचं. आणि तव्यावर हासिंता! ‘उद्या सासरी जायचंय,’ सासू म्हणाली, ‘हात बसू दे पोरीचा.’ आता मिरची भाजणं म्हणजे काय खेळ आहे? त्यात अँचो असते, ती जाड, गरीब, तव्यावर निवांत पडते. मुलातो पण सोसते थोडं. पण पासिया! लांब, पातळ, आणि मुळातच काळी. म्हणजे जळली की नाही हे रंगावरून कळायची सोयच नाही! नाकानं ओळखायचं. वास गोडसर झाला की उचलायची, एक श्वास उशीर झाला की विष. आणि नाकानं ओळखायचं म्हणावं तर घरभर असा धूर झालेला की माणसं खोकतायत, कुत्रा खोकतोय, शेजारचा पोपटसुद्धा शिंकतोय, आता अशात नाक कुणाचं चालणार?

तर पासिया तव्यावर, आणि दारात ट्रकचा हॉर्न! एफ्राइन! मागणीच्या पावाच्या टोपल्या आधी पोचवायला आलेला. झालं! आमची पोर खिडकीत. एका हातात झारा, दुसऱ्या हातानं केस सारखे करतेय, आणि मागे तवा... तव्यावरून निळा धूर! मी बघतोय! मी म्हटलं, “हासिं...”

“अहो!” ओब्दुलिया पाट्यावरून. “रागावलात का?”

“रागावलो नाही गं, ती मिर...”

“जावईबापू, आवाज!” सासू.

“अहो पण आई, तव्यावर...”

“मोले आहे घरात!”

बसलो. तोंड मिटून बसलो. काय करणार? ओरडावं तर रागावलो, न ओरडावं तर मिरची जळते! तेवढ्यात हासिंता वळली. तव्याकडे बघितलं तिनं. चेहरा पांढराफटक! झटकन त्या जळक्या पासिया उचलल्या आणि भिजत घातलेल्या बाकीच्या मिरच्यांत खाली दाबून टाकल्या. आणि मान वर करते तो मी बघतोय. बापलेकीची नजरानजर झाली. मी काय केलं? मी खाली बघून बिया काढायला लागलो. रागावलो नव्हतो हो! पोरगी खिडकीत का गेली ते कळतंय ना मला. मीसुद्धा एकेकाळी कुणाच्या तरी खिडकीखाली हॉर्न वाजवलाय. ट्रक नव्हता, सायकल होती.

दुपारी मंडळी आली. फुलं, मेस्काल दारूच्या बाटल्या, हॅट काढून नमस्कार, सगळं रीतसर. पुरुष बसले अंगणात. आणि ग्रासिएलाबाई? सरळ स्वयंपाकघरात! “काही मदत करू का?” म्हणत. मदत! इन्स्पेक्टर ती! मी तिथेच होतो, कारण लाकडं सारायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. सासूनं पळी घातली, तळहातावर थेंब घेतला, चाटला. आणि थांबली.

“कडू,” म्हणाली.

ओब्दुलियानं चाखलं आणि छातीवर क्रॉस काढला. ग्रासिएलाबाईंनी पळी मागून घेतली, चाखलं, डोळे मिटले, उघडले, आणि अशी हसली, अशी गोड हसली, आणि विचारते कशी, “मिरच्या कुणी भाजल्या गं?”

ते मोले आपलं बुडबुड बुडबुड. हासिंता फरशीकडे बघतेय, आता तोंड उघडणार आणि खरं बोलून बसणार! आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर तो बाप्तिस्मा उभा राहिला. माझी पोर हसतेय सगळ्यांबरोबर आणि उठून आत जातेय धुतलेली ताटली धुवायला. जन्मभर! आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

“मी रागावलो होतो.”

अहो, काय आनंद झाला सगळ्यांना! सासू म्हणाली, “बघा! सकाळपासून ओरडतेय मी!” ओब्दुलिया म्हणाली, “मला चेहऱ्यावरूनच कळलं होतं!” ग्रासिएलाबाईसुद्धा म्हणाल्या, “तरीच! मिरची कशी छान भाजलीय, रंगावरून कळतंच की!” कळतं म्हणे! आणि मग विचारतात, “पण रागावलात कशावरून हो?”

आता आली का पंचाईत? ते कुठे ठरवलं होतं मी! मी म्हटलं, “पोर... पोर जाणार म्हणून.” आणि हे खोटं नव्हतं ना. राग नव्हता हो तो, पण सकाळपासून छातीत काहीतरी अडकलं होतं ते खरं. हासिंतानं माझ्याकडे असं बघितलं की मी लाकडं सारायच्या निमित्तानं खाली वाकलो.

पण सासू भावनांना भीक घालणारी बाई नव्हे. “रागावलात ना? मग माफी मागा आणि नाचा!” कारण उपायही ठरलेला आहे, जो रागावला त्यानं पातेल्याची माफी मागायची आणि त्याच्याभोवती नाचायचं. मी! या गुडघ्यांनी! “माफ कर बाबा मोल्या,” म्हणतोय आणि उड्या मारतोय, ग्रासिएलाबाई टाळ्या वाजवतायत, दारात व्याही येऊन उभे, हॅटनं तोंड झाकून हसतायत. आणि माझी पाठ वळली की सासू हळूच पातेल्यात चॉकलेट टाकते, पुढच्या फेरीला साखर, त्याच्या पुढच्या फेरीला पिकलेलं केळं! मी बघितलं नाही असं वाटतंय तिला. आणि जेवायला बसल्यावर जो तो म्हणतोय, वा, नाचल्यावर सुधारलं बुवा! ग्रासिएलाबाईंनी दोनदा मागून घेतलं. लग्न ठरलं. झालंही.

आणि मी? मी गावात कायमचा रागीट झालो. कुणाकडे मोले असलं की मला दारातूनच वाटी मिळते, आत घेत नाहीत. मागच्या गल्लीत मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले कच्चे राहिले, बाई माझ्या दारात! “डॉन लेओबार्दो, काल रात्री रागावला होता का?” मी झोपलो होतो हो! तर म्हणते, “झोपेत?”

पण परवाची तऱ्हा ऐका. हासिंताचा फोन. सासरचं पहिलं मोले, घरात पाहुणे, आणि पोरगी कुजबुजतेय, “बाबा, कडू झालंय.” मी म्हटलं, “पासिया?” गप्प. मी म्हटलं, “एफ्राइनचा ट्रक?” गप्प. मग म्हणते, “सासूबाईंना मी सांगितलंय, माझे बाबा तिकडे रागावले असणार.” अगं, म्हटलं, मी इथे, तू तिथे, मधे अख्खा डोंगर, पटेल का कुणाला? तर म्हणते, “त्यांना लगेच पटलं. बाबा, फोन स्पीकरवर ठेवलाय पातेल्याशेजारी, त्या ऐकतायत. जरा पाय जोरात आपटून नाचा हं.”

काय करता! उठलो, बूट घातले.