विचारल्याशिवाय सांगायचं नाही

(डेव्हनमधलं एक खेडं. माती-पेंढ्याच्या जाड भिंतींचं, गवतानं शाकारलेलं जुनं घर. म्हाताऱ्या पेथरिकबाई ते विकताहेत, ह्यू आणि टॅमसिन हे जोडपं ते घेतंय. दोघं पडद्यांची मापं घ्यायला आली होती. आता स्वयंपाकघरात चहा चाललाय.)

पेथरिकबाई : पडद्यांचं झालं. आता भिंतींचं काय?

ह्यू : भिंतींना आम्ही रंगसुद्धा लावणार नाही, पेथरिकबाई. आहेत तशाच लाखात एक आहेत.

पेथरिकबाई : रंगाचं नाही म्हणत मी. घराची पाहणी कुठली सांगितलीत?

ह्यू : ती झाली की. बँकेचा माणूस नाही का येऊन गेला मंगळवारी?

पेथरिकबाई : आला, खोल्यांतून डोकावला, मांजराला गोंजारलं आणि गेला. अरे, तो बँकेचा माणूस. तुम्ही हप्ते बुडवलेत तर घर विकून बँकेचे पैसे निघतील का, एवढंच त्याला बघायचं असतं. छप्पर तुमच्या डोक्यावर पडलं तरी बँकेला खालची जमीन उरतेच.

टॅमसिन : हेच सांगतेय मी ह्याला. निदान मधली पाहणी तरी करून घेऊ.

पेथरिकबाई : मधली म्हणजे कोणती गं?

टॅमसिन : सर्व्हेअर येतो, डोळ्यांना दिसेल तेवढं बघतो आणि लाल, पिवळ्या, हिरव्या खुणा करून देतो.

पेथरिकबाई : हं. साध्या विटांच्या घराला पुष्कळ झाली. मी समुद्राकाठी फ्लॅट घेतेय ना, कालपरवा बांधलेला, त्याला मी पूर्ण पाहणी सांगितलीय. सर्व्हेअर म्हणाला, बाई, एवढी गरज नाही. म्हटलं, नसू दे, तरी कर.

ह्यू : नव्या फ्लॅटला पूर्ण पाहणी? तुमचीही कमालच आहे.

पेथरिकबाई : माझी कमाल राहू दे. हे घर दोनशे वर्षांचं आहे.

ह्यू : म्हणजे दोनशे वर्षं उभं आहे. आणखी काय पाहिजे? आणि खरं सांगू का, पूर्ण पाहणी म्हणजे दिवसभर परका माणूस तुमच्या घरात. गालिच्यांची टोकं उचलणार, माळ्यावर चढणार, भिंती ठोकून बघणार. तुम्ही आम्हाला इतक्या मायेनं वागवलंत आणि आम्ही असा अविश्वास दाखवायचा? बरं दिसतं का ते?

पेथरिकबाई : दाखवा की. मला कुठं बोचतोय?

ह्यू : बघ टॅमसिन, किती मोठं मन.

टॅमसिन : मला नाही वाटत त्या मोठ्या मनानं बोलताहेत.

ह्यू : शिवाय तेवढ्या पैशांत बाळाचं सगळं सामान येतं.

पेथरिकबाई : बाळ कधी?

टॅमसिन : फेब्रुवारीत. मागची छोटी खोली त्याची. पाळणा उत्तरेच्या भिंतीला लावायचा, आत्ताच ठरलं.

पेथरिकबाई : उत्तरेच्या भिंतीला.

ह्यू : हो, तुमचं ते भलंमोठं कपाट गेलं की जागाच जागा.

पेथरिकबाई : ते कपाट कित्येक वर्षांत हललेलं नाही.

ह्यू : जुन्या लाकडाचं तेच तर असतं. एकदा बसलं की बसलं.

पेथरिकबाई : तू चहा घे, ह्यू. टॅमसिन, माझा मुलगा नील एक्सेटरला वकील आहे. त्यानं मला बजावलंय, आई, घर नीट बघून घेणं हे घेणाऱ्याचं काम. विचारलं तर खोटं बोलू नकोस, पण विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस. मी म्हटलं, बरं बाबा, कुणीतरी विचारेलच. तुम्ही इतक्या वेळा आलात. गुलाबांना खत कुठलं ते विचारलंत, शेजारी कसे आहेत ते विचारलंत, चर्चमधल्या पाद्रीबाईंचं नावसुद्धा विचारलंत.

टॅमसिन : त्या कपाटामागं काय आहे?

ह्यू : टॅमसिन, असं एकदम काय विचारतेस...

पेथरिकबाई : तू गप रे. विचारलंय तिनं. कपाटामागं फुगलेली भिंत आहे. माझ्या नवऱ्यानं, वॉल्टरनं, मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. हौस, दुसरं काय. घर नवंकोरं दिसायला लागलं, पण आत मुरलेलं पाणी आतच राहिलं. भिंत खालून ओली होऊन बसत चाललीय. पोर तिथं निजवू नकोस, एवढं ऐक माझं. मला भीती वाटते त्या भिंतीची.

टॅमसिन : मधल्या पाहणीत कळलं असतं हे?

पेथरिकबाई : कपाटामागचं बघता आलं नाही, असं लिहून तो मोकळा झाला असता. मातीच्या घरांतलं कळणारा माणूस मात्र बाहेरचं सिमेंट बघूनच थबकला असता.

ह्यू : पण आता तुम्ही सांगितलंतच, तर पाहणीचा खर्च वाचलाच की.

टॅमसिन : ह्यू, उद्या सकाळी मी पूर्ण पाहणी सांगतेय. आणि पेथरिकबाई, सर्व्हेअर म्हणाला की घेऊ नका, तर? तुमचा फ्लॅट हे घर विकण्यावरच अवलंबून आहे ना?

पेथरिकबाई : आहे. हा जिना माझे गुडघे आणखी एक हिवाळा चढतील असं डॉक्टरला वाटत नाही. आणि नील तर माझ्याशी बोलणंच टाकेल.

ह्यू : मग आम्ही मागं फिरलो तर तुम्ही काय करणार?

पेथरिकबाई : पुन्हा दारात पाटी लावीन. दुसरं कुणी जोडपं येईल. ते तुमच्याएवढं सभ्य नसलं म्हणजे झालं.