एक पुठ्ठा, त्यात एक फट

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, तुम्ही एवढ्या चिडता कशाला?" आता तुम्हीच सांगा, मी काय विमान मागितलं होतं का हो? एक पुठ्ठा, त्यात एक फट. बस्स.

त्याचं काय झालं, माझ्या वर्गात एक मुलगी आहे, आम्ही तिला चिमणी म्हणतो, डोक्याने तल्लख, तोंडी काहीही विचारा, पण पुस्तक उघडलं की ओळी एकमेकींत घुसतात तिच्या, वरची अर्धी वाचते, खालच्या ओळीत उतरते, परत वर, आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसतात... त्यात शुक्रवारी तपासनीस येणार, मोठ्याने वाचता आलं नाही तर चिमणी खालच्या वर्गात. मग मी घरी बसून बुटांचं खोकं कापलं आणि पुठ्ठ्याला ओळीएवढी फट पाडली. फटीतून एकच ओळ दिसते, बाकीच्या गप्प. पोरगी घडाघडा वाचायला लागली हो, मला रडूच फुटलं.

तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, दारात. "अय्या, किती छान उपक्रम." आणि उचलून नेला की पुठ्ठा, थेट काचेच्या कपाटात. आमच्याकडे रीतच आहे, उपयोगाची वस्तू दिसली की कपाटात, पाहुण्यांना दाखवायला. बोलणारं घड्याळ तिथे, मोठ्या अक्षरांची पुस्तकं तिथे, जाड पकडीच्या पेन्सिली तिथे, अजून टोकसुद्धा न केलेल्या. मी म्हटलं, "अहो बाई, मग ती वाचणार कशाने?" तर म्हणे, "मळवून टाकेल ना ती." मी दुसरा कापला. तोही नेला, का तर जोडी छान दिसते. आता कपाटाला वाचायचंय का? एक पुठ्ठा, त्यात एक फट, तेवढंही पोरीच्या हातात टिकू देईनात.

तिसरा मी चिमणीच्या दप्तरात लपवला, चोरीचा माल असल्यासारखा.

शुक्रवारी तपासनीस साहेब आले. चिमणीने पुठ्ठा काढला मात्र, साहेब लगेच, "हे काय? बाहेरची वस्तू चालणार नाही. सरळ वाच. थांब, मी वाचून दाखवतो." आणि केलं की सुरू, ओळीखाली बोट धरून, खर्जात, आणि तिसऱ्या ओळीवरून गेले पाचवीवर, थांबले, घसा खाकरला, पुन्हा तिसरी, पुन्हा पाचवी... मी छताकडे बघतेय, कारण मी हसले की पोरगी गेली खालच्या वर्गात. तर ही चिमणी शांतपणे पुठ्ठा त्यांच्यापुढे सरकवते आणि म्हणते, "घ्या काका. मला पण असंच होतं."

साहेबांचे कान लाल. पण ठेवला त्यांनी पुठ्ठा. सबंध उतारा न अडखळता वाचला, आणि वाचून झाल्यावर कितीतरी वेळ त्या फटीकडेच बघत बसले. मग हळूच म्हणाले, "आता तू वाच, बाळ. हे घेऊनच." वाचलं हो तिने, शेवटपर्यंत. राहिली माझ्याच वर्गात.

मी म्हटलं, सुटले एकदाची. तर निघताना साहेब पुठ्ठा फायलीत घालतायत. "बाई, हा मी नेतो. कार्यालयात... दाखवायला." दाखवायला म्हणे. मला काय कळत नाही का? पण त्यांचं तोंड बघून नाही म्हणवेना.

म्हणून हल्ली कापायला बसले की एकदम तीन कापते. एक कपाटाला, एक साहेबांना, आणि उरलाच तर एक पोरीला.