सात वाजता येणारा मुलगा

नको म्हटलं ना! तिसऱ्यांदा सांगतेय, तो भिंतीएवढा नको — फुकट दिलात तरी नको. आणि त्या रिमोटचं कौतुक मला ऐकवू नका, मला काय विमान चालवायचंय? हा दोरा बघा. हो, दोराच. हसायला काय झालं? ह्या गाठीपासून ह्या गाठीपर्यंत — एवढं तोंड यायला पाहिजे टीव्हीत, बातम्या देणाऱ्या माणसाचं, हनुवटीपासून कपाळापर्यंत. जास्त नाही, कमी नाही. घरच्या टीव्हीच्या काचेला दोरा लावून मोजलंय मी. लोक इंच मोजतात, मी तोंड मोजते, तुमच्या पोटात का दुखतंय? आणि ह्या पाकिटात टीव्ही आणि रेकॉर्डर दोन्ही बसवायचेत, वर एक पैसा मिळणार नाही — पैसे माझे नाहीत, धाकट्या भावाचे आहेत. "ताई, एवढ्यात बसव," म्हणाला फोनवर. एवढ्यात बसव! स्वतःच्या घरी बसवलाय ना, असलाच, भिंतीएवढा. भावजयीनं फोटो पाठवला होता. टीव्ही झकास होता, समोर बसलेलं मात्र कुणी दिसलं नाही.

तो लावा, कोपऱ्यातला लहान. लावा हो, शोभेला ठेवलाय का? ... हे काय? ह्या बाईचं तोंड असं भोपळ्यासारखं का? ताणलंय तुम्ही चित्र. कडेला काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत, पण माणूस माणसासारखा दिसू दे. "गिऱ्हाइकांना भरलेलं चित्र आवडतं" — आवडत असेल! मला नाही चालणार. आमची म्हातारी किंचाळेल, माझा मुलगा सुजला म्हणेल, डॉक्टरला बोलवा म्हणेल, आणि मग डॉक्टरला काय तुम्ही जाऊन समजावणार आहात? — कोण मुलगा? कुणी नाही. तोंडातून गेलं. तुम्ही चित्र नीट करा.

फार चौकशा करता बुवा तुम्ही. गळ्यात टाय बांधला म्हणजे काहीही विचारायचं का? बरं, ऐका, नाहीतर तुम्ही मला पुन्हा कुठला तरी भलताच गळ्यात माराल. माझ्या आईला आता काही उमगत नाही. माणसं ओळखत नाही, दिवस कळत नाही, आणि जेवत नाही — तोंड मिटून बसते ती बसतेच. एकच धोशा, मुलगा आल्याशिवाय जेवणार नाही. मुलगा कुठला येतोय! एकदा मी औषधं आणायला गेले होते, तेवढ्यात आमच्या शेजारच्या काकूंनी — देव त्यांना अक्कल देवो — टीव्हीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, हा काय आला की तुमचा मुलगा, कसा सूटबूट घालून आलाय, जेवा आता! सात वाजताच्या बातम्या लागल्या होत्या. त्यानं नमस्कार म्हटलं आणि हिनं तोंड उघडलं. संपलं! तेव्हापासून तोच मुलगा. रोज सात वाजता येतो, ही विचारते, आलास का रे, दमलास का, तो सांगतो पूर आला, सरकार पडलं, ही म्हणते, असू दे बाळा, आणि एकेक घास गिळते. बातम्या तिला कुठं कळतात? ती नुसती त्याचे खांदे बघते. "आज खांदे उतरलेत, काम फार पडतंय त्याला." मी दिवसभर उठवते, न्हाऊ घालते, चादरी धुते — आणि काम त्याला पडतंय!

हो हो, मला कळतं तो खोटा आहे. तुम्ही मला शिकवू नका.

आता तो निवृत्त होतोय. पेपरात आलंय, उद्या त्याचं शेवटचं बातमीपत्र. म्हणून हा रेकॉर्डर. आजची बातमी धरून ठेवायची आणि रोज सातला लावायची, एवढं साधं आहे, आणि आमच्या जुन्या डबड्याला रेकॉर्डर जोडायला भोकच नाही, म्हणून टीव्हीपण. समजलं? — काय म्हणालात? सगळं उद्या घरपोच? अहो, कुठल्या भाषेत सांगू? आजची पाहिजे! उद्याची घेऊन काय करू? उद्या तो निरोप घेणार. हार घालतील, फुलं देतील, तो डोळे पुसेल आणि म्हणेल, पुन्हा भेट नाही — हे मी रोज संध्याकाळी तिला दाखवू? रोज? टीव्ही उद्या दुपारी आला तरी चालेल, सातच्या आत आला म्हणजे झालं. पण बातमी आजचीच. तो फळीवरचा रेकॉर्डर चालू आहे ना? तोच द्या. खोकं नाही तर नसू दे, ओरखडा आहे तर आहे, तेवढे पैसे कमी करा. इथंच धरा बातमी, मी काखेत मारून घरी नेते. मालकांना विचारायचं तर पळा, विचारा. सातला थोडकंच राहिलंय. काकू बसल्यात घरी तिच्यापाशी, त्यांचाही जीव टांगणीला.

काय म्हणाले? देताहेत? मग तोंड वाकडं का?

अरे वा. शहाणे आहात. खऱ्या भावाला का नाही सांगत — हे मला सुचलंच नव्हतं, तुमची वाट बघत होते! सांगितलं त्याला. म्हटलं, येऊ नको, नुसता मोबाइलसमोर बस, नमस्कार आई म्हण, जेव म्हण, आणि पाठव. मला म्हणाला, ताई, तिला ओळखता येणार नाही, मग उपयोग काय? उपयोग! वर म्हणाला, त्यापेक्षा चांगला टीव्ही घे, मी पैसे पाठवतो. घेतेय की. हाच घेतेय चांगला टीव्ही. भांडू कशाला, भांडून काय तो येणार आहे?

मी? माझं काय? मला ती "बाई" म्हणते. अहो-जाहो करते. "बाई, तुम्ही बसा ना, मुलगा बघतोय, काय म्हणेल?" आधी आधी मी सांगायचे, अगं आई, मी आहे, तर भ्यायची, हात ओढून घ्यायची. मग मीही आजी म्हणायला लागले, वाद नको. मागच्या आठवड्यात केस विंचरताना मी सहज विचारलं — सहजच हो — म्हटलं, आजी, तुम्हाला मुलगी नाही का? तर म्हणाली, "आहे की. पण तिला आईची माया नाही. मुलगा कसा, रोज येतो. ती एकदासुद्धा आली नाही."

असे बघू नका माझ्याकडे. बिल भावाच्या नावावर करा आणि ते बटण दाबा, सात वाजले. लाल दिवा लागला? लागला. शेवटपर्यंत घ्या, "उद्या भेटू" म्हणतो तिथपर्यंत, मध्येच तोडलंत तर याद राखा. आणि आता एक अक्षर बोलू नका. जा तिकडं, दुसरं गिऱ्हाईक बघा. जा म्हणते ना! आलाय तो.