तीनशे चाळीस वाचक आणि दोनशे चौदा पानं

...आणि वर ती फोनवरची बाई मलाच विचारते, "सर, तुम्ही लॉग बघितलात का?" अगं बये, बघता आला असता तर पंचवीस मिनिटं तुमची ती टिंगटिंग ऐकत कशाला बसलो असतो? मला वाटलं, वेबसाइटची जागा ज्यांच्याकडून घेतली, त्यांना विचारावं की बाबांनो, माझ्याकडे रोज माणसं येतात ती कोण? साधा प्रश्न! तर उत्तर काय? "सर, लॉग बघितलात का?"

नाही, तुम्हाला सांगतो, आधीचं ऐकल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. मी छापखान्यात प्रूफं तपासतो. तपासायचो. सव्वीस वर्षं! लाल पेन आणि मी. दुसऱ्यांच्या पुस्तकातल्या चुका काढायच्या आणि दुसऱ्यांचं नाव मुखपृष्ठावर बघायचं. तर दोन वर्षांपूर्वी आमच्या साडूंनी मला वेबसाइट काढून दिली. 'चिंतनधारा' नाव. नाव माझं, चिंतन माझं, धारा साडूंची. रोज रात्री जेवण झालं की बसायचं, थेट कॉम्प्युटरवर टाइप करायचं, बटण दाबायचं, झालं! आणि पानाच्या तळाशी साडूंनी एक आकडा लावून दिला, रोज किती जण आले त्याचा. पहिले काही महिने बारा, पंधरा. मग शंभर. मग एक दिवस तीनशे चाळीस! आणि तिथून हलायलाच तयार नाही. रोज तीनशे चाळीस! अहो, आमच्या छापखान्यात छापलेली अर्धी पुस्तकं तीनशे चाळीस माणसांनी वाचली नसतील.

मग काय, डोक्यात गेलं. सोमवारी राजीनामा दिला. पूर्णवेळ लेखक! आणि नुसता दिला असता तर ठीक होतं हो, मी भाषण केलं. मशीनजवळ उभा राहून. म्हटलं, "तुम्ही बसा शाई पुसत, मला माझा वाचक बोलावतोय." मशीनवाल्याने फक्त हात पुसले. मुखपृष्ठं करणारी डिझायनर बाई आहे आमच्याकडे, जिभेला हाड नाही, ती म्हणाली, "काका, वाचक बोलावतोय की हाकलतोय ते आधी बघा." मी दुर्लक्ष केलं. मालकांनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाले, "शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कामावर येत राहा, विचार करा. मागे घ्यायचा तर घ्या." मी मनात म्हटलं, घाबरला!

पण घरी आमची ही. तिला एकच प्रश्न. "हे तीनशे चाळीस लोक आपल्याला जेवायला घालणार आहेत का? कोण आहेत ते? राहतात कुठे?" म्हटलं, विचारून सांगतो. म्हणून तो फोन. म्हणून ती बाई. आणि म्हणून, "सर, लॉग बघितलात का?"

बरं, लॉग म्हणजे काय, तर म्हणे नोंदवही. कोण आलं, किती वाजता आलं, कुठलं पान उघडलं, सगळं तिथे आपोआप लिहिलं जातं. मग ती सांगायला लागली, "सर, कंट्रोल पॅनेल उघडा, त्यात फाइल मॅनेजर, त्यात लॉग्स नावाचा फोल्डर..." फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात फोल्डर! चोरानेसुद्धा नाद सोडला असता. शेवटी दोन फायली सापडल्या. एकीवर एरर लॉग. एरर म्हणजे चूक, एवढं इंग्रजी मला येतं. उघडली, तर कोरी! मी हिला हाक मारली, म्हटलं बघ, चूक एकसुद्धा नाही. दुसरी ॲक्सेस लॉग, तीच म्हणे नोंदवही. ती उघडली तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. पुन्हा फोन, पुन्हा टिंगटिंग. तर म्हणे, "सर, ती आवळून ठेवलेली असते, आधी सोडवून घ्या, मग साध्या एडिटरमध्ये उघडा." आधीच सांगायला त्या बाईच्या जिभेला काय झालं होतं?

सोडवली. उघडली. ओळीच ओळी! आधी आकड्यांचा पत्ता, मग तारीख, मग वेळ, मग पानाचं नाव, आणि शेवटाकडे... आणि शेवटाकडे बहुतेक प्रत्येक ओळीत दोनशे! दोनशे, दोनशे, दोनशे! माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. दोनशे सेकंद! प्रत्येक माणूस माझं प्रत्येक पान दोनशे सेकंद वाचतो! सव्वातीन मिनिटं! आमची ही लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा माझं सव्वातीन मिनिटं सलग ऐकत नव्हती.

आता इथे माझा स्वभाव नडला. मला पडद्यावर वाचता येत नाही. सव्वीस वर्षं कागद! पडद्यावर मला काही म्हणजे काही दिसत नाही, कागद हातात आला की डोळा बरोबर पकडतो. म्हणून शुक्रवारी सकाळी मी ती आठवड्याची नोंदवही पेन ड्राइव्हवर घेतली, छापखान्यात गेलो, आणि छापली. दोनशे चौदा पानं! टेबलावर गठ्ठा ठेवला, लाल पेन काढलं, आणि ओळीखाली पट्टी धरून वाचायला बसलो. जगात आजपर्यंत कोणी लॉगची प्रूफं तपासली असतील तर मला दाखवा.

आणि साहजिकच सगळे गोळा झाले. सोमवारचं भाषण कोणी विसरलं नव्हतं. मशीनवाल्याने एक पान उचललं, बाइंडरने दुसरं. मी छाती काढून म्हटलं, "हे दोनशे बघा. सेकंद आहेत." डिझायनर बाई वाकली, वाचलं, आणि हसली. असं हसणं माझ्या वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. "काका, दोनशे म्हणजे सेकंद नाहीत. पान मागितलं आणि पान मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. आणि ओळीच्या टोकाला काय लिहिलंय ते वाचलंत का? बॉट. ही माणसं नाहीत. यंत्रं आहेत. जगभरची पानं चाळत फिरतात, कोणाचंही काहीही उचलतात."

मग काय विचारता! चौघांनी चार गठ्ठे वाटून घेतले. जेवणाची सुट्टी होती ना, करमणूक फुकट! "बॉट!" "इकडे पण बॉट!" "काका, हा बघा, तुमचा 'एकांत आणि मी' एका सेकंदात सात वेळा वाचला!" मशीनवाला तर लाल पेन मागून घेऊन खुणा करत होता. हिशेब काय निघाला, सांगू? दिवसाच्या तीनशे चाळीसातले तीनशे तेहेतीस बॉट. उरले सात. त्यातले सहा मी! दुपारचे दोन छापखान्यातून, रात्रीचे चार घरून. आणि ही मला रोज सांगते, "दुपारी वाचला हं तुमचा लेख, छान आहे." दुपारी घरच्या पत्त्याची एक ओळ नाही! आठवडाभरात एक नाही!

पण थांबा... उरला एक. एक माणूस! रोज सकाळी सात चाळीसला यायचा, नवा लेख उघडायचा, छापायचं पान काढायचा, जायचा. सातही दिवस, रविवारीसुद्धा! मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "हसा! एक आहे ना? लेखकाला एक पुरतो." डिझायनर बाईने पत्त्याचे आकडे बघितले, माझ्या दुपारच्या ओळींशी ताडून बघितले. मग म्हणाली, "काका, हा पत्ता आपल्याच छापखान्याचा आहे."

सकाळी सात चाळीस! छापखाना उघडतो साडेआठला. त्याआधीची किल्ली एकाच माणसाकडे.

मालक!

अहो, माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षांत तोंडातून एक शब्द नाही, आणि हा माणूस रोज सगळ्यांच्या आधी येऊन, चोरून माझं वाचतो! कागदावर काढून वाचतो! म्हणून "विचार करा" म्हणाले! मला सोडवत नव्हतं त्यांना! मी तडक केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "मालक, मला कळलं. मी राजीनामा मागे घेतो."

मालक म्हणाले, "काय कळलं?"

"की तुम्ही मला वाचता."

"हो," म्हणाले, "सहा महिने झाले." आणि खण उघडून गठ्ठा काढला. माझेच लेख! आणि लाल! पानंच्या पानं लाल! समासात माझ्याच खुणा, मी सव्वीस वर्षं करतो त्या, पण मालकांच्या हातच्या. "पडद्यावर तुम्हाला चुका दिसत नाहीत, हे तुमच्या लेखांवरून समजलं. पानाला अकरा, कधी बारा. आता सगळी प्रूफं पडद्यावरच येणार आहेत. कसं सांगावं तुम्हाला, या विचाराने मला झोप नव्हती. शुक्रवार दिला तो फक्त रीत म्हणून, आणि तुम्ही मन बदलू नये म्हणून तेव्हापासून देवाला विनवण्या करतोय. दिला तो राजीनामा राहू द्या ना." आणि हात जोडले हो. माझ्यापुढे! मी काय करणार? मीही जोडले.

आता घरी असतो. पूर्णवेळ लेखक. परवा साडूंचा फोन, "अभिनंदन! आकडा अजून तीनशे चाळीसच!" म्हटलं, असं कसं? मालकांचं काम झालं, ते आता कशाला येतील? एक कमी व्हायला हवा! कोणी नवा आला का? धडधडत्या काळजाने कंट्रोल पॅनेल, फोल्डर, त्यातला फोल्डर, सोडवली, उघडली. आता सगळं येतं मला. आणि होती हो! सकाळी सात चाळीसला एक ओळ होती! माणूसच, बॉट नाही!

पत्ता घरचा. मीच होतो. मालक आले का, ते बघायला बसलो होतो.