आफ्रिकावाली

...न्हाय न्हाय केराबाई, उंबऱ्यात उभ्या ऱ्हाऊ नका, आत या. गिरनीतल्या बायकांवरची नायकीन गोजरबाईच्या दारात आलीय म्हनल्यावर सगळी भवानी पेठ कान लावून बसंल. बसा त्या पोत्यावर. पानी देऊ? — नको तर नको. पर उद्यापास्नं कामावर ये म्हनताय ते परत एकदा सांगा, माझा माझ्या कानावर इस्वास न्हाय. सुताच्या बाबिनी भरायच्या खात्यात, माझ्याच जुन्या जागेवर? व्हय? आन् तितं आत्ता जी हाय, नागम्मा, तिचं काय करनार? काढनार. आसं. आन् तिला देता त्याच्याबी खाली मी राबायचं. मंदी हाय, माल उठत न्हाय, मालक तरी काय करंल — ठाव हाय मला. मला काढलं तवाबी तुमी ह्येच म्हनला होता. शब्दसुदिक बदलला न्हाय बाई तुमी.

ती पोरगी कोन हाय, ठाव हाय का तुमाला? आफ्रिकावाली, एवढंच. मग ऐका. तिचा आजा तेलंगी, मद्रास इलाख्यातला. गिरमिटावर, पाच सालांच्या करारावर अंगठा देऊन, गेला आफ्रिकंत, ऊस तोडायला, आन् तितंच मेला. बाप नरसय्या तितंच जलमला, रेल्वेत रूळ ठोकायला लागला. नागम्माबी तितलीच. बरं चाललं होतं. मग तितल्या सरकारला वाटलं, आपली गोरी मानसं बेकार हिंडत्यात आन् ह्ये काळे रेल्वेत कसे? काढा. काढलेल्यांनी काय करायचं? तर तुमच्या देशाला जावा, बोटीचं भाडं आमी देतो, वर हातावर काय तरी टेकवतो, अंगठा उटवा. राजीखुशीनं हां! जबरदस्ती न्हाय कसली. भाकरी काढून घ्यायची आन् म्हनायचं, राजीखुशीनं जा — हसू नका, केराबाई. मला काढताना तुमीच म्हनला होता, गोजरे, आपनहून सोडलं म्हन, चारचौघांत बरं दिसतंय.

देश म्हंजी काय, तर आज्याचं गाव. तितं भाऊबंद म्हनले, समुद्र वलांडून आलेली मानसं, तिकडं कुनाचं काय खाल्लं कुनास ठाव, पंगतीला घ्यायचं न्हाय. मग कुनी तरी सांगितलं, सोलापुरात तेलंगी लई, मागावर काम मिळतंय. आली हितं. नरसय्याचा हात घन मारायचा, त्यानं मागावर बसून नुस्तं सूत तोडलं. तरी कारखानदारानं ठेवला — का ठेवला? देईल त्याच्यात राबत होता म्हनून. आन् आपली मानसं काय म्हनली? ही परमुलखातली आली आन् आमचा भाव पाडला. मीबी म्हनले. नळावर उभी ऱ्हाऊन म्हनले. तिकडं गोरीबी ह्येच म्हनत होती की, दुसरं काय!

त्यात धाकटं पोरगं तापानं गेलं. तवा नरसय्या म्हनला, बास, परत जायाचं. तर तितल्या सरकारचा नियम आसा, की तीन सालांच्या आत परत येऊ देतो, पर आमचं घेतलेलं फेडा, आन् जितकी गेली तितक्या सगळ्यांचं फेडा. मेल्याचं माफ. आन् — ह्ये ध्यान देऊन ऐका — हिकडं लगीन करून दिलेल्या लेकीचं माफ. मेलेलं पोरगं आन् उजवलेली लेक, दोगं एका वळीत बसवली त्या सरकारनं.

नागम्मा थोरली. बापाला म्हनली, मी हितं कुनालाच वळखत न्हाय. बापानं फेडायचा हिशेब मांडला. पलीकडच्या आळीतला बिजवर बघितला, हळद लावली, झालं. आईनं मंडपात तिच्याकडं बघितलं न्हाय. परत जायाच्या गाडीत बसली तवाबी न्हाय. नागम्मा म्हनती, "अक्का, बघितलं आसतं तर तिला उतरावं लागलं आसतं, म्हनून न्हाय बघितलं." मी व्हय म्हनते. मला काय ठाव, त्या माउलीच्या मनात काय होतं ते.

आन् त्यो नवरा! त्याला वाटलं, आफ्रिकंची पोर हाय, सोनं आसंल अंगावर. सोनं न्हवतं. माग बंद पडला तसं म्हनाय लागला, तुझी जात कंची, तुझं गाव कंचं, आन् दिली घालवून. तवा तुमी गाठली तिला. जिच्या मागं कुनी न्हाय ती भांडत न्हाय, ह्ये तुमाला बराबर कळतंय. माझ्या जागेवर बसवली.

मी काय गप बसनार? भोंगा झाला, बाया बाहेर आल्या, तशी झिंज्या धरल्या मी तिच्या. म्हनले, माझ्या पोटावर पाय देतीस भवाने, जा तुज्या मुलखाला! बाया हसाय लागल्या. तिनं हातसुदिक वर केला न्हाय. मोडक्या मराठीत म्हनली, "जाते. कुटं जाऊ, तू सांग." टोमना न्हवता, केराबाई. खरंच इचारत होती, वाटसरू वाट पुसतोय तशी. माझा हातच सुटला. काय सांगू तिला? सांगोल्याकडं आमची मेंढरं मेली आन् मी हितं आले, तवा मलाबी लोकं म्हनतच होती — तुला कुनी बलावलंय गं?

तवापास्नं हितं ऱ्हाती. ते लुगडं वाळतंय ते तिचंच. अक्का म्हनती मला. आदी माझ्या ताटात वाढती, मग आपल्या. मी म्हनते, भूक न्हाय, तर मी जेवत न्हाय तवर ती शिवत न्हाय अन्नाला — काय? कुनाच्या पगारावर? माझा कुटला पगार? मला कोन देतंय काम? जिनं माझी जागा घेतली तिचंच खाते मी, झालं समाधान? — ह्ये बोलायचं न्हवतं मला. आन् आता तुमी म्हनताय, तिची जागा तू घे. म्हंजी उद्यापास्नं तिनं माझं खायाचं, आन् तेबी आनखी कमी. पेठंला कळलं की म्हनतील, गोजरीनं सूड उगवला. तुमी तितं सावलीत उभ्या. तुमचं नाव कुनी काढनार न्हाय.

उठू नका. बसा म्हनते ना! मी येते म्हनले न्हाय, आन् येत न्हाय आसंबी म्हनले न्हाय — खोटं कशाला बोलू, डब्यात पीठ किती हाय ते मला ठाव. पर तिला सांगायचं तुमी. तिच्या तोंडावर. माझ्या आडून न्हाय. तिला जा म्हनायचं काम एकदा केलं मी, बास झालं.

भोंगा कवाच झालाय. ती बघा, आलीच.

ये गं नागम्मा. केराबाई आल्यात, तुझ्याकडंच. बस.

हं. बोला की, केराबाई.

बोला.