टोपीतलं पिल्लू

ओश शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात मीरिम आपलं मांजर घेऊन बसली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या लोकरी टोपीत बदकाचं पिल्लू होतं.

“दोन दिवस लंगडतंय गं.”

“लंगडणारच. जन्मल्यापासून तुमच्या मागे मागे फिरतंय, चाल दुसऱ्या कुणाची उचलणार?”

“चेष्टा पुरे, उलकान.”

“चाळीस वर्षांत मला चहाखान्यात नेलं नाहीत. याला मात्र रोज!”

मीरिमने हसू दाबलं.

आतून हाक आली. आजोबा उठेनात.

“पाय कापायचा म्हणाले तर?”

“आणा इकडे. तुमच्याच्यानं बघवणार नाही.”

आजी टोपी घेऊन आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या.

“मुरगळलाय नुसता. आठवड्यात पळेल.”

“मग तू का रडतेयस?”

“गप्प बसा, आणि धरा याला नीट.”