बोनेटवरचा गुलाल

मी अवसरी बुद्रुकचा, बबन मपलं नाव. आजा हेडी, बाप हेडी, मी बी हेडी. हेडी म्हंजी बैलांचा येपारी, ताई, तेवढं वहीत नीट लिवा, आताच्या मान्सांना म्हाईत नसतं. बेल्ह्याच्या बाजारात बापानं मला बोटं शिकावली. दोघांच्या हातांव टावेल टाकायचा, आतून एकमेकाची बोटं धरायची, जेवढी बोटं दाबली तेवढा भाव, तोंडानं आकडा म्हून काढायचा नाय, बाजूला शंभर मान्सं हुभी असली तरी कुनाला काय कळत नाय. समोरच्यानं हात झटाकला का फिसाटलं, आन हात दाबून हालवला का जमलं. जमलं का खिशातला गुलाल काढायचा आन बैलाच्या पाठीव टाकायचा. गुलाल पडला का बैल इकला, मंग मागून कुनी का येईना.

आन दुसरं शिकावलं ते पाठ फिरवायचं. भाव नाय पटला तर चालाया लागायचं, पर हळूहळू, मधीच वाकून वहानेचा पट्टा नीट करायचा, तंबाखू मळायची, दहा पावलाच्या आत मागून हाक येतीच, अवो बबनराव, थांबा की. चाळीस वर्सं मला हाक आली. काय सांगू तुमाला, मला वाटायचं हाक येनं हा मपला हक्कच हाये.

तर गाडीचं. आमची सविता तळेघरला दिली. चांगली मान्सं हायेत, भातशेती, नाचणी, पर तिकडं यष्टीचा काय नेम नाय, आली तर आली. पयल्या बाळातपनाला ती म्हायेरी याया निघाली तवा यष्टी आलीच न्हाई, सातव्या म्हयन्यात पोरगी दीड कोस चालली आन मंग दुधाच्या कॅनांत बसून टेम्पूनं आली. तिचं सुजलेलं पाय बघून आमची सिंधू, म्हंजी मपली मंडळी, रडली बिडली नाय, नुस्ती म्हनली, नातवंड तळेघरला जाईल ते आपल्या सोताच्या गाडीतून जाईल, आन मी सोता मांडीव घेऊन पोचवीन. सिंधूचं गुडघं गेलेत वो. जीपची पायरी तिला चढवत नाय, आपली बुटकी गाडी असली तर बसंल, एवढंच तिचं म्हननं. नात झाली, तिसरा म्हयना लागला, तळेघरच्यांनी मायलेकींना न्यायला रविवार धरला. मंग मी, सिंधू आन आमचा संदीप, तिघं हायवेच्या शोरूमला गेलो.

आत गारेगार, फरशी अशी गुळगुळीत का सिंधू भीत भीत चालली. पांढरी गाडी हुभी व्हती, बघितल्या बघितल्या मला पटली. मी आपला बैल बघतो तशी बघितली, पुढून बघितली, मागून बघितली, खाली वाकून बघितली, टायरावर थाप मारली. टाय लावलेला एक तरणा सेल्समन आला, लई ग्वाड बोलायचा, काका बसा, काका पानी घ्या. संदीपला म्हनला, टेस्ट ड्राइव्हसाठी लायसनची झेरॉक्स लागंल, म्हून संदीप पलीकडच्या टेबलाला गेला. मी म्हनलं चला, तवर आपन भाव करू. खांद्यावरचा टावेल काढला, त्याच्या हाताव टाकला, आन आतून त्याची बोटं धरून मपला भाव दाबला.

त्यानं काय करावं? हासला, मपला हात दोन्ही हातांनी धरला, चांगला दाबून हालवला, आन म्हनला काका, तुमची पसंती एक नंबर हाये.

आता सांगा, मी काय समजायचं? मी म्हनलं सिंधू, जमलं. खिशात गुलालाची पुडी व्हतीच, चाळीस वर्साची सवय. मूठभर काढला आन त्या पांढऱ्या गाडीच्या बोनेटव टाकला.

अवो, काय गोंधळ झाला म्हून सांगू! वाचमन पळत आला, सगळी गिऱ्हाइकं उठून बघाया लागली, एका बाईनं तर फोनमधी शूटिंग काढलं. त्या सेल्समनचं त्वांड उतारलं. काका हे काय केलं, ही डिस्प्लेची गाडी हाये. म्हनलं डिस्प्लेची असू दे नायतर कशाची, मपली हाये, तुमी हात दाबला. तो म्हनतो काका, मी शेकहँड केला, भावाचं तर आपलं बोलनंच नाय झालं. वलं फडकं आनून पुसाया गेलं तर गुलाल आनखीनच पसारला, सगळं बोनेट गुलाबी. संदीप आला आन मान खाली घालून हुभा राह्यला. पोराला मपली लाज वाटली, ते मला दिसलं.

तरी मी म्हनलं ठीक हाये, बोला आता तोंडानं. मंग त्यानं कागद काढला. गाडीची किंमत निराळी, रस्त्याव आनायची निराळी, इमा त्यांचाच घ्यायचा, सीटकव्हर त्यांचंच, वासाची बाटली बी त्यांचीच, नगं म्हनलं तरी पॅकेजमधी हाये म्हनला. आन ही पांढरी मिळनार नाय, दुसरी यील, कुठली ती आज दिसनार नाय. ताई, ज्याच्या तोंडात बोट घालून दात बघितलं नाय असा बैल आमी दावणीला बांदला नाय, आन हितं न बघितलेल्या गाडीचा इसार द्यायचा!

मी काय इचारलं का तो म्हनायचा, मॅनेजरला इचारून येतो. काचेच्या खोलीत जायचा. काचच व्हती, मला सगळं दिसत व्हतं, आत जाऊन च्या पेत व्हता, मॅनेजर फोनात बघून हासत व्हता. भाईर येताना मातर त्वांड पाडून यायचा, काका लई भांडलो तुमच्यासाठी, पर सिस्टीम घेत नाय. असं चार येळा. मी म्हनलं त्या सिस्टीमला भाईर बोलवा, मी बोलतो. तर म्हनतो काका, सिस्टीम म्हंजी कॉम्प्युटर. येवढं मला बी कळतं वो! पर भांडायचं कुनाशी? बाजारात समोरच्याची बोटं त्याची सोताची असत्यात. हितं ह्याच्या हातात काय नव्हतंच, नुस्ता हात व्हता.

आन शेवटाला म्हनला, रविवारी नाय जमनार, म्हयना तर लागंल. मपलं डोकंच फिरलं. मी टावेल झटाकला, खांद्याव टाकला आन पाठ फिरवली.

सवयीनं हळू चाललो. दाराच्या भाईर आलो. वाकलो, वहानेचा पट्टा नीट केला. तंबाखू मळली. दहा पावलं झाली, पंधरा झाली, गेट आलं. कुनी नाय. मंग मागून हाक आली, अवो, थांबा की! मपल्या जिवात जीव आला, ताई, खोटं नाय सांगत. वळून बघतो तर सिंधू. गुडघ्याव हात ठिवून, एक एक पाऊल टाकत येत व्हती. म्हनली, अवो, तुमच्या मागं कुनी येत नाय. मलाच यावं लागतंय, आन मला चालवत नाय.

चाळीस वर्सात समोरच्याची हाक आल्याबिगर फिरवलेली पाठ मी परत वळवली नव्हती. त्या दिवशी वळवली. आत गेलो, ते म्हनले तिथं सह्या केल्या. बिलात बोनेट पॉलिशचं बी लावलं, ते बी भरलं.

रविवारी सविता भाड्याच्या जीपनं गेली. सिंधूनं दोनदा पायरीव पाय ठिवला, दोनदा खाली घेतला. मंग नातीला दिष्ट काढून सविताच्या मांडीव दिली आन जीप वळोस्तवर दारात हुभी राह्यली. मला भांडली असती तर बरं झालं असतं.

गाडी आली, दीड म्हयन्यानं. पांढरी नाय, राखाडी. सिंधूनं हळदकुकू लावलं, मी गुलाल काढलाच नाय. दुसऱ्याच दिवशी तळेघरला गेलो, तर नात सिंधूला वळखंना, कडंव घेतली का रडायची. आता धा-पंधरा दिवसांनी जातो आमी. सिंधू पुढच्या शीटाव बसती, परवा पयल्यांदा पोरगी तिच्याकडं झेपावली. तवा सिंधू मला म्हनली, गाडी चांगली हाये वो.

तुमी बी कधीतरी गाडी घ्याल, ताई, मनासारखी मिळू दे तुमाला. पर तिथं पाठ फिरवू नका. आन फिरवलीच, तर मागून हाक मारनारं आपलं मानूस संगं असू द्या.